पाहुणे निघाले कधी? संक्रांत ते अक्षय्य तृतीया, घराभोवतीच्या पक्ष्यांची नोंद कशी ठेवायची

आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून एक जुनी चिंच आहे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्यावर चिमणीहून लहान, मातकट रंगाचा एक पक्षी आला. खालच्या फांदीवर बसायचा, शेपटी झटक्याने वर उचलायचा आणि 'टिर्र्र्' असा कोरडा आवाज काढायचा. आठ दिवस खटपट करून मी त्याचं नाव शोधलं: लाल छातीचा माशीमार. तारीख लाल शाईने वहीत घातली. तो अख्खा हिवाळा त्याच चिंचेवर होता. मग एप्रिलमध्ये एका सकाळी चहा पिताना जाणवलं की बरेच दिवस तो आवाज कानावर आलेला नाही. किती दिवस? कालपासून की पाडव्यापासून? वही उघडली, तर मार्चभर त्याचं नावच नाही. रोज दिसतोय म्हणून लिहिलंच नव्हतं.

पक्षी आला की लगेच कळतं. गेलेला मात्र उशिरा कळतो, आणि तोवर तारीख हातातून गेलेली असते. थंडी सरताना नोंदी सुरू करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं असं होतं. तुमचं होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मी पुण्यात वारज्याला राहते, त्यामुळे झाडं आणि तारखा इथल्या. कोकणात किंवा विदर्भात तारखा थोड्या मागेपुढे होतील, पण पद्धत तीच.

काय काय लागेल

- एक वही, शक्यतो पानाला एक दिवस अशी डायरी. जानेवारी संपला की स्टेशनरीच्या दुकानात स्वस्तात मिळते.
- पेन्सिल. दव आणि घाम दोन्हींत शाई फुटते.
- दुर्बीण, ८×४२. पहिला आकडा म्हणजे पक्षी किती पट मोठा दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पहिले दोन महिने दुर्बिणीशिवायही निभतं.
- मोबाईलवर ईबर्ड (नोंदी चढवायला) आणि मर्लिन (पक्षी ओळखायला) ही दोन अ‍ॅप, दोन्ही फुकट. खातं उघडायला फक्त ईमेल लागतो.
- मातीचं उथळ परळ.

दुर्बिणीबाबत एक इशारा. '१०० पट झूम' असं छापलेली खेळण्यासारखी दुर्बीण घेऊ नका. एवढं मोठेपण हातात स्थिर राहत नाही, नुसती पानं हलताना दिसतात. पैसे कमी असतील तर थांबा, कोणाची तरी उसनी आणा, पण ती घेऊ नका. मी घेतली होती. आता ती भाच्याकडे आहे आणि तो तिच्यातून क्रिकेट बघतो.

१. आधी मोसम समजून घ्या

पंचांगात वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पक्ष्यांचा वसंत माघातच लागतो. संक्रांतीनंतर दिवस मोठा होत जातो, तसं दोन गोष्टी एकाच वेळी चालू होतात. इथलेच पक्षी गायला आणि घरटी करायला लागतात. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडून आलेले पाहुणे अंगावर चरबी चढवून परतीची तयारी करतात. आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह साजरा होतो, तेव्हा पाहुणे नुकते स्थिरावलेले असतात. फेब्रुवारी-मार्च हा त्यांच्या मुक्कामाचा उत्तरार्ध, आणि माझ्या मते जास्त रंगतदार, कारण यातले बरेच पाहुणे निघताना अंगावर नवे रंग चढवतात.

मी संक्रांतीला वही उघडते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत एकही दिवस चुकवत नाही. एवढे तीन-साडेतीन महिने धरा.

२. एक जागा, एक वेळ

गॅलरी, गच्ची, बिल्डिंगमागचा रस्ता, जे असेल ते. पण रोज तीच जागा आणि तेवढाच वेळ. १५ मिनिटं पुरतात.

वेळ घड्याळावर बांधू नका, सूर्योदयावर बांधा. पुण्यात जानेवारीच्या मध्यात सूर्य सातनंतर उगवतो, एप्रिलच्या मध्यात सव्वासहाच्या सुमारास. रोज साडेसातला बसलात तर जानेवारीत पक्षी ऐन रंगात सापडतील आणि एप्रिलमध्ये निम्मे सावलीला गेलेले असतील. मग 'पक्षी कमी झाले' असं वहीत दिसेल, आणि खरं तर उशीर तुम्हाला झालेला असेल.

३. आधी घरचे ओळखा

नवखा माणूस थेट दुर्मीळ पक्ष्यामागे लागतो. तसं करू नका. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त रोजचे बारा-पंधरा पक्षी पक्के करा: चिमणी, पारवा, होला, गावकावळा, डोमकावळा, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, पोपट, घार, कोकीळ, भारद्वाज. यांचे नर-मादी आणि आवाज ओळखता आले की परका पक्षी आपोआप वेगळा पडतो.

या महिन्यांत घरचेही फसवतात. 'कुहू' करणारा कोकीळ काळा, लाल डोळ्यांचा नर असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा कर्कश. मी तिला पहिल्या वर्षी चक्क वेगळी जात म्हणून लिहिलं होतं. जांभळ्या शिंजिराचा नरही हिवाळ्यात मादीसारखा पिवळसर असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ. उन्हं तापू लागली की तोच तुकड्या-तुकड्यांनी काळाजांभळा होत जातो. मधल्या ठिगळ्या अवस्थेत त्याला बघून नवीन जात सापडल्याचा आनंद खूप जणांना झालेला आहे.

तांबट कुठे ठोकतोय ते मात्र नीट बघून ठेवा. पुढे कामाला येईल.

४. आता पाहुणे

घराजवळ हमखास भेटणारे सहा पाहुणे सांगते. सगळे एका वर्षात दिसलेच पाहिजेत असं नाही.

लाल छातीचा माशीमार. वर सांगितलाच. घरं पूर्व युरोपापासून मध्य आशियापर्यंत, हिवाळा भारतात. प्रौढ नराचाच गळा नारिंगी, मादी आणि पिल्लं साधी. खात्रीची खूण म्हणजे उचललेल्या काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग. एकदा झाड धरलं की बहुधा तेच झाड, त्यामुळे 'आज आहे की नाही' हे बघायला याच्यासारखा पक्षी नाही.

थिरथिरा. तिबेट आणि मध्य आशियातून येतो. बांधकामाची जागा, गच्चीचा कठडा, विटांचा ढीग अशा ठिकाणी. बसला की नारिंगी शेपटी थरथरवतो, त्यावरून नाव. मार्चअखेरीस कमी दिसू लागतो.

पांढरा धोबी. क्रिकेटच्या मैदानावर, पाण्याच्या टाकीजवळ शेपटी खालीवर करत तुरुतुरु चालणारा. निघायच्या सुमारास छातीवरचा काळा पट्टा वाढून गळाभर पसरतो. इथे एक मोठा सापळा आहे: आपल्याकडचा मोठा धोबी कायमचा रहिवासी. त्याची पाठ काळी, गळा बारा महिने काळा, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. या दोघांत गल्लत झाली तर तुमच्या वहीत धोबी मे महिन्यातही 'अजून आहे' म्हणून राहील.

माळभिंगरी. विजेच्या तारांवर रांगेत. हिच्याही बाबतीत तेच: लालबुडी भिंगरी आणि तारवाली भिंगरी उन्हाळ्यातही राहतात, माळभिंगरी जाते. कपाळ आणि गळा तांबूस, पाठ निळसर काळी.

बोरू वटवट्या. ब्लिथचा बोरू वटवट्या असं त्याचं पूर्ण नाव. दिसण्याची अपेक्षाच ठेवू नका. मेंदीच्या कुंपणातून किंवा घाणेरीच्या जाळीतून दोन खडे आपटल्यासारखा 'चक्… चक्…' आवाज आला की तो. हिवाळाभर एवढंच बोलणारा हा पक्षी मार्च-एप्रिलमध्ये निघायच्या आधी कधी कधी गायला लागतो, आणि गाण्यात दुसऱ्यांचे आवाज मिसळतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुंपणात तीन-चार पक्षी असावेत असं वाटलं होतं.

भोरडी, म्हणजे पळसमैना. हिला शोधायला घराबाहेर पडा आणि फुललेलं झाड गाठा. काटेसावर, पळस, पांगारा, नंतर सिल्व्हर ओक. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख, डोक्यावर तुरा. लहान वयाच्या भोरड्या नुसत्या वाळूच्या रंगाच्या असतात, त्यांना साळुंकी समजू नका. हिवाळ्यात मळकट दिसणारा गुलाबी रंग वसंतात उजळतो, कारण पिसांची फिकट टोकं झिजून खालचा रंग उघडा पडतो. मुक्कामाला जाण्याआधी संध्याकाळी हजारोंचा थवा आकाशात वळतो, आवळतो, पसरतो. ज्वारीच्या शेतकऱ्याला विचाराल तर या सौंदर्याबद्दल त्याचं मत वेगळं असेल, आणि त्याचंही बरोबर आहे. मात्र हीच भोरडी टोळ आणि नाकतोडे फस्त करते.

होळीच्या आसपास एका फुललेल्या काटेसावरीखाली अर्धा तास उभं राहणं हे दहा ठिकाणी वणवण करण्यापेक्षा बरं. मधासाठी शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, कावळे, कोतवाल, चष्मेवाला आणि खारी, सगळे तिथे भांडत असतात. रात्री त्याच फुलांवर वटवाघळं येतात.

५. शून्यही लिहा

या सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या पाच-सहा पाहुण्यांची यादी करा आणि रोज प्रत्येकापुढे काहीतरी लिहा. दिसला तर आकडा. नुसता ऐकला तर 'आ'. बसलात पण दिसला-ऐकला नाही तर ०. बसलाच नाहीत तर रेघ.

० आणि रेघ यांत गल्लत झाली की सगळी मेहनत वाया. गावाला गेलात, लग्नाला गेलात, ताप आला: रेघ. माझ्या गेल्या वर्षीच्या वहीत माशीमारापुढे असं आहे: २६ मार्च १, २७ मार्च आ, २८ मार्च ०, २९ आणि ३० रेघ (सासरी कार्य होतं), ३१ मार्च १, १ एप्रिल ०, आणि मग सलग शून्यं. २८ तारखेच्या शून्यावर मी 'गेला' म्हणून शिक्का मारला असता तर चूक झाली असती. म्हणून शेवटच्या दर्शनानंतर निदान दहा दिवस शून्यं लिहीत राहा. कंटाळा येतो. तरी लिहा.

नावांबद्दल एक सूचना. मराठी नावं जिल्ह्यागणिक बदलतात, धोब्याला कुठे परीट म्हणतात. म्हणून मराठीबरोबर इंग्रजी नावही एकदा लिहून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी तुमचंच तुम्हाला कळणार नाही.

६. नोंद ईबर्डवर चढवताना

वही आपल्यासाठी, ईबर्ड सगळ्यांसाठी. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने चालवलेला हा साठा आहे, आणि भारतातल्या पक्ष्यांची संख्या वाढतेय की घटतेय याचा अंदाज बांधताना इथल्या हौशी लोकांच्या नोंदी वापरल्या जातात. दर फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही जगभरची पक्षीगणना असते, भारत त्यात २०१३ पासून आहे. सुरुवातीला यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

अडखळायच्या जागा:

- यादी सुरू करा आणि मग बघायला लागा. घरी येऊन आठवून भरलेल्या वेळा नेहमी चुकतात.
- 'ही पूर्ण यादी आहे का' या प्रश्नाला 'हो' तेव्हाच म्हणा, जेव्हा ओळखता आलेली प्रत्येक जात टाकली असेल. पारवे आणि कावळे 'काय लिहायचे' म्हणून गाळलेत तर उत्तर 'नाही'.
- एकच घार पाच वेळा डोक्यावरून गेली तर पाच घारी होत नाहीत. एका वेळी जास्तीत जास्त किती दिसल्या तो आकडा धरा.
- घराच्या जागेला नाव देताना फ्लॅट नंबर, स्वतःचं आडनाव घालू नका. नुसतं 'वारजे' पुरे.
- जात नक्की कळली नाही तर 'वटवट्या, जात अनिश्चित' अशी सोय तिथे आहे. वापरा. त्यात कमीपणा नाही.
- तपासनिसाचा ईमेल आला तर घाबरू नका, चिडूही नका. तो फोटो किंवा वर्णन मागतो, एवढंच.

मर्लिन आवाजावरून नाव सुचवतं, ते सूचना म्हणूनच घ्या. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, पर्णपक्षी तर चार-पाच जणांची. शिवाय खालच्या मजल्यावरचा पिंजरा. आमच्याकडे अ‍ॅपने एकदा असा पक्षी दाखवला की मी बसल्या जागी उठून उभी राहिले. तो दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा लव्हबर्ड निघाला. डोळ्यांनी दिसला नाही आणि आवाजाची स्वतःला खात्री नाही, तर लिहू नका.

आणि मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलवू नका. विणीच्या दिवसांत त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर शिरला. खाणं, घरटं सोडून तो तुमच्या फोनशी भांडत बसतो.

७. पाणी ठेवा, धान्य नको

मार्चपासून परळात पाणी. दोन बोटांपेक्षा खोल नको, मधे एक दगड ठेवा म्हणजे शिंजीर-शिंपी काठावर न घसरता पितील. रोज पाणी ओतून द्यायचं, परळ घासायचं, नवं भरायचं. आठवडाभर तसंच राहिलं तर डास होतात. मांजर दबा धरेल अशा कुंड्यांच्या आड ठेवू नका.

धान्य, शेव, पोळीचे तुकडे टाकलेत तर पारवेच वाढतात, बाकीचे येईनासे होतात. माशीमार आणि वटवट्या किडेच खातात, त्यांना तुमचं धान्य काय कामाचं? त्यापेक्षा कुंड्यांवर कीटकनाशक मारू नका.

८. छाटणीवाल्यांच्या आधी घरटी बघा

पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी विणीच्या ऐन भरात येते. तांबट वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला गोल भोक कोरतो, आणि छाटणीत पहिली जाते ती वाळकी फांदीच. राखी धनेशाची मादी तर ढोलीत स्वतःला लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते आणि नराने आणलेल्या उंबरांवर राहते. झाड पडलं तर तिला उडूनही जाता येत नाही.

म्हणून तिसऱ्या पायरीत लिहिलेली तांबटाची फांदी आता कामाला येते. सोसायटीच्या सचिवांना तारीख आणि फोटोसह लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं छाटणीवाल्यापर्यंत पोचत नाही, हा माझा अनुभव. शहरात झाड तोडायला आणि छाटायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्यासाठी १९७५ चा कायदा आहे. ठेकेदाराला कागद दाखवायला सांगा. घरटं, अंडी, पिल्लं यांना हात लावणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, पोपट-मुनिया पाळणंही नाही.

९. नको तेव्हा भेटणारे

गच्चीवर रात्री धपधप पावलं वाजली तर बहुतेक उदमांजर असतं. छताच्या पोकळीत, जुन्या माळ्यावर राहतं, फळं आणि उंदीर खातं. त्याला हाकलायची गरज नसते. एकमेकांना वेटोळे घालून उभ्या राहिलेल्या दोन धामणी दिसल्या तर ती सहसा नर-मादीची जोडी नसते, दोन नरांची कुस्ती असते. धामण बिनविषारी आहे. तरी कोणताही साप घरात शिरला तर ओळख पटवायला जवळ जाऊ नका, नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

काचेवर आपटून पडलेला पक्षी उचलून भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, झाकण लावा, अंधारात आणि शांत जागी. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. बऱ्याचदा तासाभरात तो सावरतो. मग खोकं बाहेर नेऊन उघडा. पंख लोंबत असेल किंवा रक्त असेल तर पुन्हा १९२६. संक्रांतीचा मांजा झाडांवर लोंबत राहिलेला असतो. हाताला येईल तेवढा काढून, तुकडे करून कचऱ्यात टाका.

१०. एकदा तरी पाण्यावर जा

घराच्या नोंदी चालू असताना एक रविवार पाणथळीसाठी ठेवा, मार्चच्या मध्याआधी. जवळ म्हणजे पाषाण तलाव किंवा सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरजवळचं कवडीपाट. कवडीला मुळा-मुठेचा फेस आणि कचरा असतो, नाकाला रुमाल लागेल. पण त्याच पाण्यावर चक्रवाकाची नारिंगी जोडी, थापट्या, शेकाटे असतात. लांब जायचं तर पुण्यापासून साधारण १०० किलोमीटरवर भिगवण, उजनीचं बॅकवॉटर. रोहित पक्ष्यांसाठी सगळे तिथे जातात, मी मात्र पट्टकादंबांसाठी जाते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेली ही हंसं हिमालय ओलांडून तिबेट-मंगोलियाकडे परततात.

नाववाल्या दादांना आधीच सांगा की थव्यात नाव घालायची नाही. फोटोसाठी उडवलेला प्रत्येक थवा प्रवासासाठी साठवलेली चरबी जाळतो. दादांना हे कळतं, आग्रह आपल्याच नावेतून होतो.

११. वही मिटण्याआधी

अक्षय्य तृतीयेपर्यंत बहुतेक पाहुण्यांपुढे शून्यांची रांग लागलेली असेल. प्रत्येकाचं शेवटचं दर्शन आणि त्यानंतरचं पहिलं शून्य, या दोन तारखा शेवटच्या पानावर उतरवा. पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी नवा रकाना पडेल.

आणि डायरीतलं ऑगस्टचं पान उघडून त्यावर आत्ताच 'भोरड्या?' असं पेन्सिलीने लिहून ठेवा. त्या सगळ्यांच्या आधी परत येतात, आणि तेव्हा पावसात कोणाचंच लक्ष वर नसतं.